सरकी उठत नाही

दिग्रस
३ ऑगस्ट २०२५

चि. उर्वशीस मोठ्या बाबाचा जय भीम.

तुहं पत्र भेटलं. हाटेलात मारोतरावनं काहीतरी विचारलं, मले ऐकू आलं नाही, म्हून पत्रच त्याच्या हातात देल्लं. वाचून त्यानं पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'युरेनियम म्हणजे बॉम्बच ना?' प्रश्नचिन्ह मले दिसलं नाही, मी मान हलवली. आता दिग्रसभर झालं का उकंडाची पुतणी बंगलोरले बॉम्ब करून राह्यली. तू मनावर घेऊ नको. हाटेलात मले लोक खुर्ची सोडून देतात.

फोन करा, फोन करा असं लिहित जाऊ नको. सारी उमर कापसाच्या जिनिंगात फिटर होतो, कान तिथंच सांडले. अन् त्या काचेवर बोटानं लिहाचं मले जमत नाही. एक 'क' काढाले गेलो तं आठ निघतात.

आता माहं काम ऐक. तू लिहिलं का तुमचा तो धातू थंड करत नेला का एका जागी त्याच्यात काहीतरी बदलते. सगळ्या मोजण्या सांगतात का बदललं. पण काय बदललं ते चाळीस वर्षं झाले कोणालेच सापडलं नाही. हे वाचून मी खाटेवर उठून बसलो. कारण बाप्पा, हेच आपल्या घरात झालं आहे.

तुही मोठी आई. सकाळचा च्या वेळेवर, सयपाक तोच, विहारात समोर बसून वंदना म्हणणं चालूच. पण काहीतरी बदललं. पहिले मागच्या आंगणातूनच हात करे, आता समोर येऊन पाटावर बसते अन् तोंड दाखवून सावकाश बोलते. उन्हाळ्यापासून भांडली नाही. एकदाबी मले 'बह्यरा' म्हणली नाही. लग्नाले एवढे वर्षं झाल्यावर बायको गोड बोलाले लागली तं माणसानं भ्यावं का नाही, तूच सांग. विचारलं तं हासते.

तुम्ही लोक एवढ्या मशिनी लावून बसले, काही उपाय असन तं कळवजो. मले डर लागून राह्यला.

तुहा मोठा बाबा
उकंडा


बंगळुरू
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय मोठे बाबा, सविनय जय भीम.

आधी मारोतराव काकांना लिहून द्या की मी बॉम्ब करत नाही. माझ्याकडचा स्फटिक तांदळाच्या कणीएवढा आहे. त्यात युरेनियमसोबत रुथेनियम आणि सिलिकॉन आहे, आणि त्याने उद्या फुटायचं ठरवलं तरी माझं नखसुद्धा तुटणार नाही.

तो उणे दोनशे पंचावन्न अंशांच्या आसपास नेला की उष्णतेच्या आलेखात एकदम उडी येते. म्हणजे आतले इलेक्ट्रॉन अचानक कुठल्या तरी शिस्तीत बसतात. पण कुठल्या? मोठं चुंबकत्व आलं असतं तर दिसलं असतं. अणू जागचे हलले असते तर क्ष-किरणांत दिसलं असतं. ते होते तिथेच आहेत. म्हणून आम्ही तिला लपलेली शिस्त म्हणतो. नाव दिलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

अशा वेळी आम्ही दोन गोष्टी करतो. दाबून बघतो आणि फिरवून बघतो. हा स्फटिक वरून चौरस आहे, पाव वळसा फिरवला तरी तसाच असायला हवा. शिस्त बसल्यावर तसा उरला नाही, तर एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी झाली असं समजायचं. आमच्या भाषेत, सममिती मोडली. मी तेच शोधतेय.

मोठ्या आईवर मात्र यातलं काही करू नका. तुमच्याशी गोड बोलतेय ना? मग बोलू द्या की.

तुमची
उर्वशी


दिग्रस
२४ ऑगस्ट २०२५

चि. उर्वशीस जय भीम.

तू करू नका म्हणली म्हून दोनच प्रयोग केले.

पहिला दाबाचा. भाजीले मीठ नाही म्हणलो. मीठ होतं. पहिले असं म्हणलो असतो तं भाजीचा गंज माह्यापुढं आदळला असता अन् माह्या मायपासून सुरुवात झाली असती. आता ती उठली, मीठ आणलं, ताटात ठेवलं. मले ती खारट भाजी खा लागली.

दुसरा फिरवाचा. ती महिला मंडळात गेलती तं मी खाट पाव फिरवली, कपाट फिरवलं, माठ इकडचा तिकडे केला. आली, पाह्यलं, कपाळाले हात लावला. खुणेनं म्हणली, कमरेत लचक भरन. अन् सगळं जागच्या जागी लावाले लागली. शेजारच्या देवरावची सून शीला, तीबी आली हातभार लावाले. दोघी एकमेकीकडे पाहून हासल्या.

पण उर्वशी, हासताना तुह्या मोठ्या आईचे डोये भरून आलते. मले काही विचाराची हिंमत झाली नाही. माह्याच हातून काही झालं असन. आठवून आठवून डोकसं दुखलं. मांगच्या साली पोळ्याले तिच्या माहेरी गेलो नाही, म्हून असन का? मले वाटते तेच असन. जाऊन येऊ का?

उकंडा


बंगळुरू
५ सप्टेंबर २०२५

आदरणीय मोठे बाबा, जय भीम.

पोळ्याचं सोडा. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. या धातूत सुरुवातीलाच एक बारीकसं चुंबकत्व सापडलं. सगळे म्हणाले, हेच कारण. वर्षानुवर्षं लोक त्याच्यामागे लागले. शेवटी निघालं काय, तर स्फटिक आतून जिथे ताणला गेला होता तेवढ्याच भागातलं ते चुंबकत्व. मुख्य बदलाशी त्याचं देणंघेणं नाही. समोर दिसलं म्हणून लोकांनी कारण धरलं. तुम्ही पोळा धरलाय.

मग आम्ही काय करतो? युरेनियमला विचारून काही हाती लागत नाही, म्हणून त्याच्या शेजारच्या सिलिकॉनला विचारतो. त्या बिचाऱ्याचा भानगडीशी संबंध नसतो, पण शेजारी राहतो म्हणून झळ पोचते. तर तुम्ही मोठ्या आईकडे बघत बसू नका. तिच्या आजूबाजूला कोण आहे आणि ते काय करतंय, तिकडे बघा.

माझंही फार बरं नाही चाललेलं. मला स्फटिकात झुकाव दिसला, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी. नाचायचीच बाकी होते. सर म्हणाले, स्फटिक चिकटवलाय त्या गोंदाचा ताण असेल, सगळं पुन्हा मोज. जिन्यात बसून रडले. मोठ्या आईला मेसेज केला तर तिने हसरा चेहरा पाठवला. तिला सांगू नका, पण मला तिचा आवाज हवा होता.

उर्वशी


दिग्रस
१८ सप्टेंबर २०२५

चि. उर्वशीस जय भीम.

सापडलं! सिलिकॉन सापडला. आपली कुत्री, सरकी.

तुले तं माहीतच आहे, मोठी आईनं सयपाकघरातून हाक मारली का दाराबाहीर झोपलेली सरकी कान उभे करून उठे अन् शेपटी हालवत आत जाये. मले हाक ऐकू येत नाही. पण सरकी उठली का मले समजे का बोलावणं झालं, चाला जेवाले. कान गेल्यापासून मी असाच जेवाले जातो.

तुह्या सांगण्यावरून पाळत ठेवली. मोठी आई दारात येते, तोंड उघडते, हात करते. ओठ मले साफ दिसतात, 'सरकी, ये'. सरकी झोपलेलीच! भाकर नाकापुढं आली का मंगच उठते. म्हणलं, घ्या, कुत्री बह्यरी झाली. या घराले लागलंच आहे.

सायकलच्या कॅरेजवर टोपलं बांधून तिले जनावराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तिच्या मांगं किल्ल्याईचा जुडगा वाजवला. सरकीनं टेबलावरून उडी मारली ते डॉक्टरच्या खुर्चीखाली. त्यानं कागदावर लिहून देल्लं, कान उत्तम. मंग माह्याकडे पाहून लिहिलं, मी माणसाईचे पाहत नाही.

म्हणजे कुत्रीले ऐकू येते, पण ती मोठी आईचं ऐकत नाही. मस्ती चढली तिले. घरची कुत्रीच मान देईना म्हून बाई खट्टू झाली, असं माहं मत झालं आहे. सरकीची भाकर कमी करतो.

उकंडा


बंगळुरू
२४ सप्टेंबर २०२५

मोठी आई, जय भीम.

हे पत्र शीलावहिनींच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे मोठ्या बाबांच्या हाती पडणार नाही.

मोठ्या बाबांचं सरकीबद्दलचं पत्र वाचून आधी मी खूप हसले. मग हसू थांबलं. सरकीला ऐकू येतं. तू तोंड उघडतेस आणि ती उठत नाही. मग उरतं एवढंच की तुझा आवाज निघत नाही.

उन्हाळ्यापासून तुझे नुसते मेसेज येतात. फोन लावला की शीलावहिनी उचलतात, 'त्या विहारात गेल्या', 'त्या झोपल्या'. मला वाटलं तू कामात आहेस. दुरून लपलेलं शोधायचा पगार घेते मी, आणि ज्या बाईने मला दहावीपर्यंत हाका मारून मारून उठवलं तिचा आवाज गेलाय हे मला कळलं नाही. लाज वाटते गं.

काय झालंय? खरं लिही. मी येऊ का?

तुझी उर्वशी


दिग्रस
१ ऑक्टोबर २०२५

चि. उर्वशी,

येऊ नको. तू आली का त्याईले शक येईन.

हाओ, आवाज गेला. उन्हाळ्यात बसला तवा वाटलं थंड पाणी बाधलं. हळद झाली, काढा झाला. मंग एक दिवस निघालाच नाही. शीलाले घेऊन यवतमाळले गेलती. डॉक्टरनं नळी टाकून पाह्यलं. म्हणे गाठ आहे, नागपूरले दाखवा, ऑपरेशन लागन, उशीर करू नका. त्यालेबी आता दोन महिने होत आले.

वंदना शीला कोपऱ्यातून म्हणते. मी समोर बसून ओठ हालवते. साऱ्या विहाराले माहीत आहे, एका माणसाले सोडून. सगळ्याईले मीच गप राहाले सांगतलं, अन् दिग्रसचे लोक गप बसले, हाच मोठा चमत्कार समज.

त्याईले काहून सांगत नाही म्हणशील. पोरी, त्याईचे कान गेले तवा माहा आवाज खणखणीत होता. वस्तीच्या या टोकाले बोलली का त्या टोकाले ऐकू जाये. त्याईनं शेवटचा ऐकला तो तोच. आता ते माहे ओठ पाहतात अन् त्याईच्या डोकशात तोच आवाज वाजते. साऱ्या जगात त्या एकाच माणसापाशी माहा आवाज जसाच्या तसा आहे. तो मी कायले मोडू?

नागपूरले जाईन. पण काय सांगून जाऊ? ऑपरेशन म्हणजे दवाखान्यात राहणं आलं. त्याईले सोडून मी कधी कुठी राह्यली आहे? पाहू, कापूस वेचून होऊ दे. तुले माही आण आहे, त्याईले यातलं एक अक्षर लिहू नको.

खरं सांगू? मले भेव लागते. त्याईले सांगाचं जास्त का ऑपरेशनचं, हे मलेच समजत नाही.

कौसल्या


बंगळुरू
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मोठे बाबा, जय भीम.

सरकीची भाकर कमी करू नका. तिची काही चूक नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही, कारण मी एका माणसाला शब्द दिलाय. म्हणून माझ्या धातूचंच लिहिते.

मोठा स्फटिक घेतला की काही भाग एकीकडे झुकलेले असतात, काही दुसरीकडे, आणि बेरीज केली की चौरसच दिसतो. म्हणून कित्येक वर्षं झुकाव कुणाच्या लक्षात आला नाही. अगदी बारीक स्फटिक घेतले तेव्हा काही जणांना तो दिसला. काहींना अजूनही दिसत नाही, भांडणं चालू आहेत. माझी कणी मी गोंद बदलून परत मोजतेय. पण एवढं मला पटलंय की गर्दीत जे दिसत नाही ते थोडक्यात दिसू शकतं.

आता वेचणीचे दिवस आहेत. विहारात माणसं कमी असतील. वंदनेला तुम्ही डोळे मिटून बसता. एकदा उघडे ठेवून बसा, मागच्या रांगेत. आणि मोठ्या आईकडे नाही, बाकीच्यांकडे बघा.

बाकीची कामं राहू द्या, मोठे बाबा. यात उशीर करू नका.

उर्वशी


दिग्रस
२० ऑक्टोबर २०२५

चि. उर्वशीस जय भीम.

काल वंदनेले मोजकेच लोक होते, बाकी सगळे वावरात. मी भिंतीले टेकून बसलो, डोये उघडे.

आपली पद्धत तुले माहीत आहे. समोर एक जण म्हणते, बाकीचे त्याच्या मांगं म्हणतात. मोठी आई समोर मधात बसली होती, ओठ हालून राह्यले होते. पोर्णिमेच्या गर्दीत मले नुसते डोकेच दिसतात. काल एकेकाची मान दिसली. अन् एकाचीबी मान तिच्याकडे सरळ नव्हती. सगळे जरासे डावीकडे कलले होते. डावीकडे कोपऱ्यात शीला बसली होती. माणूस जिकडून आवाज येते तिकडे कान देते, त्याले ते स्वतःलेबी समजत नाही. मोठी आईचे ओठ थांबले तवा कोणी थांबलं नाही. शीला थांबली तवा थांबले.

मंग मले सरकी समजली. उन्हाळा समजला, गोड बोलणं समजलं, सगळंच समजलं.

घरी आल्यावर तिनं च्या देल्ला. मी पेलो. मंग मागच्या आंगणात जाऊन रडलो. मी किती मोठ्यानं रडतो ते मले समजत नाही, म्हून दुपट्टा तोंडात धरला. सरकी येऊन पायाशी बसली म्हणजे थोडाफार आवाज निघालाच असन.

शीलाले गाठलं, हातात पेन देल्ला, म्हणलो लिही. तिनं गाठ लिहिलं, नागपूर लिहिलं, अन् ती पण रडाले लागली. तुही मोठी आई मले कळू नये म्हून जीव धोक्यात घालून बसली आहे. तं मले कळलंच नाही असं करू. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या का जातो. मी तिले म्हणलो, माह्या कानात ठणका लागला, सहन होत नाही, नागपूरले दाखवा लागते, एकट्याले मले बोलणं समजणार नाही, तू चाल. दोन डाव नाही नाही म्हणली. मी कान धरून खाटेवर आडवा झालो. मंग तिनं पिशवी भरली.

तुले माहीत आहे का, कानाचा अन् घशाचा डॉक्टर एकच असते. मारोतरावनं पाटीवर वाचलं. हे डॉक्टर लोक मोठे समजदार आहेत.

तू शब्द मोडला नाही. तू धातूचंच लिहिलं होतं.

उकंडा


दिग्रस
७ डिसेंबर २०२५

चि. उर्वशीस जय भीम.

ऑपरेशनच्या वेळी तू दवाखान्यात येऊन राह्यली म्हून बरं झालं. पण पहिल्या दिवशी तू नव्हती, ते सांगतो. डॉक्टरनं आधी माहे कान पाह्यले अन् लिहिलं, ठणक्यासारखं काही दिसत नाही. मी म्हणलो, आता आलोच आहो तं हिचा घसाबी पाहून घ्या. तुही मोठी आई माह्याकडे पाहत राह्यली. मी छताच्या पंख्याकडे पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग तिनं डॉक्टरकडे तोंड केलं अन् उघडलं.

शेवटचा रिपोर्ट परवा आला. गाठ साधी होती, पुन्हा दाखवाले जा लागन, पण घाबराचं काम नाही. आवाज मात्र पहिलेसारखा येणार नाही. जेवढा येईन तेवढा, फुसफुसल्यासारखा. ऐकून मी मारोतरावले लाडू देल्ला. तो म्हणे बॉम्ब झाला का? मी हाओ म्हणलो, कोण समजावत बसन.

त्या डॉक्टरनं मले कानाचं मशीन देल्लं, तू होतीच. घरी आल्याबरोबर मोठी आईनं ते डब्ब्यात ठेवून वरच्या फळीवर टाकलं. काढलं का पुन्हा ठेवे. म्हणलो, असं काहून करते वं? तं तिनं पाटी घेतली अन् लिहिलं, 'तुमच्यापाशी माहा जुना आवाज आहे. तो राहू द्या.'

मंग म्हणलो, जुना कुठी जाते? तो माह्यापाशी पक्का आहे, जिनिंगच्या मशिनीले हारला नाही तं या बोटाएवढ्या मशीनले काय हारन? नव्याले बी जागा आहे, येऊ दे त्याले. मंग फळीवरचा डब्बा मी काढला तवा तिनं हात धरला नाही.

आज सकाळी लावलं. पहिले पंखा ऐकू आला. एवढा खडखडते अन् मले कोणी सांगतलं नाही, तेल घाला लागन. मंग देवरावचं खोकलणं. मी दाराशी बसलो होतो, आत पाह्यलं नाही. मांगून काहीतरी आलं. सुपात कापसाची सरकी पाखडली का येते तेवढाच आवाज, पण शब्द होते. 'जेवाले चाला.'

सरकी उठली. कान उभे करून, शेपटी हालवत आत गेली.

मी वळलो. ती दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून, मी काय म्हणतो ते पाहत. म्हणलो, 'एवढ्या मोठ्यानं कायले ओरडते? मले ऐकू येते आता.'

ती हासली, अन् रडली, अन् काहीतरी म्हणली. ओठ पदरामांगं होते, तरी मले समजलं.

'बह्यरा.'

मंग आम्ही जेवलो. भाजीले मीठ कमी होतं, मी सांगतलं नाही.

तुह्या धातूचं काय झालं ते कळवजो. गोंदाचा ताण निघाला तं निघाला, अजून कणी असतीलच.

तुहा मोठा बाबा
उकंडा